काळा लसूण आणि मामांची गोळी

आज आधी एक कबुली देऊन टाकते. काही महिन्यांपूर्वी मी एका क्लायंटसाठी काळ्या लसणावर तीनशे शब्द लिहून दिले होते. फ्रीलान्सर माणसालाही दर महिन्याला घरभाडं भरावं लागतं, त्यामुळे असली कामं येतात आणि आपण ती करतो. हेडलाइन काय झकास जमली होती! 'काळा लसूण खा, रक्तवाहिन्यांची सूज पळवा!' क्लायंट खूश, पेमेंट चक्क वेळेवर आणि वर एक गिफ्ट हॅम्पर. त्यात कॅप्सूलची एक बाटली आणि काळ्याकुट्ट पाकळ्यांची एक बरणी. मी एकदम भारी मूडमध्ये ते सगळं कुरिअरने पातूरला मामांकडे धाडलं, सोबत माझा तो मजकूर फॅमिली ग्रुपवर टाकला, ढीगभर अंगठे मिळवले आणि विसरून गेले.

मामा विसरले नाहीत.

दिवाळीला पुण्याहून रात्रीच्या गाडीने अकोला आणि तिथून वाशीमच्या रस्त्याला लागून तासाभरात पातूर. आमचं आजोळ. रेणुकामातेची टेकडी दिसली की माझ्यातलं पुणं आपोआप उतरतं आणि 'तुले-मले' सुरू होतं. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि मामींनी मला हळूच आत बोलावून एक ड्रॉवर उघडून दाखवला. आत मामांच्या बीपीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. दोन महिन्यांची!

''मामा, हे काय?''

''अव बाई, तुनंच त लिवलं व्हतं ना, का लसनानं नसा मोकळ्या होतात म्हनून. मंग गोळी कायले खाची?''

माझ्या पोटात खड्डा पडला. गेले काही दिवस त्यांचं डोकं जड असायचं, ते सगळ्यांनी 'दिवाळीची दगदग' म्हणून सोडून दिलं होतं. शेजाऱ्यांकडून बीपीचं मशीन आणलं. आकडा आला १७२/१०४. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, जवळपास तोच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही डॉक्टरांच्या दारात होतो. सुदैवाने मेंदू, किडनी, डोळे सगळं शाबूत निघालं. गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टर मामांना रागावले, मला काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग मी तेच केलं जे ते तीनशे शब्द लिहिण्याआधी करायला हवं होतं. बसून वाचलं.

नासलेला नाही, भाजलेलाही नाही

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. बरणी पहिल्यांदा उघडली तेव्हा आजीने एक पाकळी चिमटीत धरून म्हटलं होतं, ''बाप्पा! नासला वाट्टे हा लसून. पैसे देऊन नासका लसून कोन ईकत घेते व?''

आजीची चूक नाही. पण तो नासलेला नसतो. लसणाचे अख्खे गड्डे, सालीसकट, साधारण ६० ते ९० अंश सेल्सिअस तापमानात आणि भरपूर दमट हवेत काही आठवडे ठेवतात. आत साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी रिअ‍ॅक्शन करतात. पोळीवर तपकिरी डाग पडतात किंवा कांदा परतताना लालसर होतो, त्यामागे हीच केमिस्ट्री आहे. तिचं नाव मेलार्ड रिअ‍ॅक्शन. फक्त इथे ती इतकी निवांत चालते की पाकळी आतपर्यंत काळी, मऊ आणि चिकट होते. कोरिया आणि जपानमध्ये हा प्रकार आधीपासून लोकप्रिय, आपल्याकडे सुपरफूडच्या लाटेत आला.

लेबलवर 'फर्मेंटेड' असं लिहिलेलं असतं आणि मीही ते ठोकून दिलं होतं. पण दही किंवा इडलीचं पीठ आंबतं तसं इथे मुख्य काम जंतूंचं नसतं, उष्णतेचं आणि वेळेचं असतं. म्हणजे 'आंबवलेला' म्हणण्यापेक्षा 'मुरवलेला' लसूण म्हणणं जास्त खरं.

चव? आजीने शेवटी खाल्लीच. ''गोड चिचेवानी लागते,'' हा तिचा निकाल. शेजारचा एक मुलगा आयुर्वेदाचा विद्यार्थी आहे, पातूरला आयुर्वेद कॉलेज आहे ना! तो म्हणाला, ''लसणाला संस्कृतात 'रसोन' म्हणतात. रसाने ऊन, म्हणजे एक रस कमी. सहापैकी पाच रस त्यात आहेत, नाही तो फक्त आंबट.'' आणि गंमत बघा, मुरवताना लसणातलं आम्ल वाढतं. जो रस नव्हता, तोच या काळ्या अवतारात येऊन बसतो.

मामेभावाने लगेच बिझनेस प्लॅन मांडला. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातोच, मग गड्डे टिनाच्या पत्र्यावर टाकून द्यायचे, वीजबिल झीरो! आयडिया सॉलिड आहे, पण चालणार नाही. उष्णता रात्रंदिवस सारखी लागते आणि हवा दमट लागते. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लसूण काळा होण्याऐवजी वाळून कोळ होईल.

रक्तवाहिनी म्हणजे नळ नव्हे

आता मूळ दाव्याकडे येऊ. रक्तवाहिनीची सूज म्हणजे नक्की काय?

आपण रक्तवाहिनीला पीव्हीसी पाइप समजतो. तेल-तूप खाल्लं की आत गाळ बसतो, मग काहीतरी 'साफ करणारं' खायचं. मामांचं 'नसा मोकळ्या होणं' हेच. प्रत्यक्षात वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी, जिवंत थर असतो, एन्डोथेलियम. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो आणि त्याच्या इशाऱ्यावर वाहिनी सैल होते. या शोधाला १९९८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, जास्तीची साखर, खराब कोलेस्टेरॉल या सगळ्यांनी हा थर दुखावतो. मग रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात, भिंतीत शिरतात आणि आग धुमसत राहते. पाय मुरगळल्यावर येते तशी ही सूज दिसत नाही, दुखत नाही. म्हणूनच ती डेंजरस. त्यातूनच भिंतीत चरबीचा थर वाढतो आणि एक दिवस तो फुटून गुठळी होते.

ही सूज कमी केली तर हार्ट अटॅक खरंच टळतात का? २०१७ मध्ये याचं थेट उत्तर मिळालं. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर 'कॅन्टोस' नावाची चाचणी झाली. फक्त सूज कमी करणारं, कोलेस्टेरॉलला हात न लावणारं इंजेक्शन दिलं, तर मधल्या डोसच्या गटात पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. म्हणजे सूज हा खरा मुद्दा आहे, पण ती उतरवणं हा खेळ नाही.

लसूण कुठे बसतो?

कच्चा लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. लसणातल्या गंधकाच्या संयुगांपासून आपल्या लाल रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्याने वाहिन्या सैल होतात, हे अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. लसूण मुरवला की अ‍ॅलिसिन जवळपास संपतं, म्हणून काळ्या लसणाला वास नाही. त्याऐवजी एस-अ‍ॅलिल सिस्टीन नावाचं एक स्थिर, पाण्यात विरघळणारं संयुग कच्च्या लसणापेक्षा कित्येक पट वाढतं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर त्याने सुजेचे निरोप थंडावतात, हे पुष्कळदा दिसलंय.

पण मामा काही उंदीर नाहीत. माणसांचं काय?

इथे माझी मोठी चूक सापडली. माणसांवरच्या बहुतेक गाजलेल्या चाचण्या काळ्या लसणाच्या नाहीतच! त्या आहेत 'एज्ड गार्लिक एक्स्ट्रॅक्ट'च्या. तो वेगळाच प्रकार. लसणाचे काप पातळ अल्कोहोलमध्ये, तापवल्याशिवाय, वीस महिन्यांपर्यंत मुरवून काढलेला अर्क. जाहिरातवाले, म्हणजे त्या दिवशी मीसुद्धा, दोन्ही एकाच पोत्यात भरतात. अभ्यास अर्काचा, फोटो काळ्या पाकळीचा!

बरं, तो अर्क तरी काय करतो? ऑस्ट्रेलियात डॉ. कॅरिन रीड यांच्या टीमने २०१० मध्ये ५० जणांवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांचा वरचा आकडा १४०च्या पुढे होता, त्यांचा रक्तदाब प्लासिबो गटापेक्षा सरासरी १० अंकांनी जास्त उतरला. दहा अंक म्हणजे काही चिल्लर नाही. मी माझ्या मजकुरात हे वाक्य अगदी ठळक टाकलं होतं.

जे टाकलं नव्हतं ते असं. हे पन्नासही जण आधीपासून बीपीची औषधं घेणारे होते. लसूण गोळीच्या *सोबत* होता, गोळीच्या *ऐवजी* नव्हता. एवढा एक शब्द मी गाळला आणि मामांचा ड्रॉवर भरला.

बाकीचा हिशोबही मांडते. लसणाच्या अनेक छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा मार्कर, थोडा उतरलेला दिसतो. उलट बाजूला, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डने २००७ मध्ये १९२ जणांना सहा महिने लसूण दिला. कुणाला सँडविचमध्ये कच्चा, कुणाला पावडरची गोळी, कुणाला मुरवलेल्या अर्काची. खराब कोलेस्टेरॉलवर परिणाम शून्य. आणि २०१२च्या कॉक्रेन आढाव्याचं म्हणणं असं की, बीपीच्या रुग्णांमध्ये लसणाने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी होतात असं सांगायला पुरेसा पुरावाच नाही. शिवाय बऱ्याच चाचण्या छोट्या आणि त्यातल्या काहींना अर्क बनवणाऱ्या कंपनीचीच मदत. हे वाईटच असं नाही, पण वाचताना भुवई थोडी वर असू द्यावी.

पुण्यातली एक जुनी गोष्ट

या सगळ्यात मला सर्वात आवडलेला अभ्यास आपल्या घरचाच निघाला. पुण्यात डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैन समाजातल्या लोकांचे तीन गट पाहिले, निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक गट आठवड्याला सुमारे ६०० ग्रॅम कांदा आणि ५० ग्रॅम लसूण खाणारा, दुसरा २०० ग्रॅम कांदा आणि १० ग्रॅम लसूण खाणारा आणि तिसरा दोन्ही अजिबात न खाणारा. बाकी जेवण सारखंच. कोलेस्टेरॉल अनुक्रमे १५९, १७२ आणि २०८.

भारी ना? पण थांबा. हा सवयींचा अभ्यास आहे, कुणाला लसूण देऊन केलेला प्रयोग नाही. आणि यात कांदाही आहे, ताटभर. शिवाय लसूण न खाणाऱ्यांनी लगेच टेन्शन घेऊ नये. धर्म म्हणून किंवा आवड म्हणून लसूण टाळणाऱ्यांना डाळी, भाज्या, चालणं आणि वेळेवर तपासणी यांचे दरवाजे उघडेच आहेत. मला यातून दिसलं ते एवढंच की, हे लोक कॅप्सूल घेत नव्हते. ते रोज, वर्षानुवर्षं, साध्या जेवणात लसूण खात होते. आमची आजी वरणाला फोडणी घालताना आणि ठेचा कुटताना जे करते तेच.

मग खायचा की नाही?

खा ना, बिनधास्त! काळा लसूण मस्त लागतो. दोन पाकळ्या भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर, हिरवी मिरची आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा, ज्वारीच्या भाकरीबरोबर खल्लास लागतं. फक्त त्याला चटणी समजा, औषध समजू नका. आणि खिशाला झेपत नसेल तर साधा गावरान लसूणही कमी नाही. ठेचल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि मग फोडणीत टाका, म्हणजे अ‍ॅलिसिन तयार व्हायला वेळ मिळतो.

काही गोष्टी मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा.

• बीपी, शुगर किंवा कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. बरं वाटतंय म्हणूनही नाही. बहुतेक वेळा ते गोळीमुळेच वाटत असतं.

• रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तरीही. जेवणातला लसूण चालतो, प्रश्न दाबून भरलेल्या डोसचा आहे.

• कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्तराँमधल्या तसल्या लसणाने ३६ जणांना बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा झाली होती. आपल्या लोणच्याला मीठ आणि आंबटपणा सांभाळतो, नुसतं तेल सांभाळत नाही.

• राइस कुकर आठवडेच्या आठवडे 'वॉर्म'वर ठेवून घरी काळा लसूण करायचे व्हिडिओ पाहिले असतील. कुकर त्यासाठी बनलेला नाही आणि शेजारी तो वास विसरणार नाहीत.

आणि हो, तुम्ही! 'मामांचं वय झालंय, आपलं काय' असं म्हणत असाल तर ऐका. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भारतातल्या वीस वर्षांवरच्या ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. वीस वर्षांवरच्या म्हणजे त्यात तुम्ही-आम्ही आलो. नाइट शिफ्ट, डेडलाइनची सिगरेट, वीकएन्डचं चटकदार, खारट खाणं हे सगळं त्या एकपदरी थरावरूनच जातं. तुमचा बीपी शेवटचा कधी मोजलात? मी माझा पातूरला, त्याच मशीनवर, त्याच दिवशी मोजला. आयुष्यात पहिल्यांदा. वय अठ्ठावीस, १३६/८८. वय आणि आकडा दोन्ही तुमच्याशी शेअर करतेय, कारण लाज वाटण्यापेक्षा मोजलेलं बरं.

मामांचा खर्रा हा खरा व्हिलन निघाला. जेवणानंतर रोज एक, कधी दोन. लसणाच्या दोन कॅप्सूल एकीकडे आणि तंबाखू-सुपारी दुसरीकडे, हा सामना लसूण जिंकणार तरी कसा? डॉक्टरांनी तोच पहिला बंद करायला सांगितला. मामा अजून झगडतायत. आठवड्यातून पाच दिवस जमतं म्हणतात. मामी म्हणतात तीन.

त्या क्लायंटला मी मेल करून मजकुरात दोन दुरुस्त्या सुचवल्या. 'गोळीसोबत' हा शब्द आणि 'डॉक्टरांना विचारा' ही ओळ. अजून उत्तर नाही, पुढचं कामही नाही. ठीक आहे, भाडं कसंतरी भरू.

फॅमिली ग्रुपवर मात्र मी माझा जुना मजकूर टॅग करून खाली लिहिलं, 'हे अर्धवट आहे. चूक माझी.' अंगठे फार आले नाहीत. रात्री मामांचा एक फोटो आला. ताटात भाकरी, काळ्या लसणाचा ठेचा आणि ताटाच्या कडेला पांढरी गोळी. खाली लिहिलं होतं:

''दोन्ही खाल्लं. आता लिव.''